शुक्रिया कुणाकुणाचा?

वजू करताना अम्मी घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आमचं करमाड जालना रोडवरचं, अपघात नवे नाहीत. पण घरातल्या ओल्या फरशीला कोण भितो? शेजाऱ्यांनी लगेच जीप काढली. 108 वर फोन उचललेल्या मुलीनं मात्र बजावलं, त्यांना उठवू नका, बसवू नका. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी दोन्ही पाय एकत्र बांधले, स्ट्रेचरवर सरळ झोपवलं आणि घाटीपर्यंत अम्मीचा हात सोडला नाही.

बरं वाटलं की आपण ‘अल्लाहचा करम’ म्हणतो, सदका काढतो. ते हवंच. पण हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे आपल्यावरचे हक्क, हाही दीनचाच भाग आहे ना? रात्री अम्मीला लघवीचं भांडं देणाऱ्या मावशी, एक्स-रेला स्ट्रेचर ढकलत नेणारे मामा. यांची नावंही आपण विचारत नाही. उशीर झाला की पहिला आवाज मात्र यांच्यावरच चढतो.

महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका सेवा 2014 साली सुरू झाली. योजना सरकारची, चालवणं कंत्राटावर. या गाड्यांवरचे लोक पगारासाठी संपावर गेले, तर ‘रुग्णांना वेठीला धरलं’ म्हणणाऱ्यांत मी नसेन.

अम्मीला घरी आणताना मावशींना मिठाईचा डबा दिला. त्यांनी तो हसत वॉर्डात वाटून टाकला. तुम्हाला काय हवं, विचारलं तर म्हणाल्या, “रात्रपाळीला अजून एक बाई द्यायला सांगा.”