शेतकऱ्यांचे शिक्षणवर्ग बांधावर भरावेत

पावसाळा जवळ आला कीं ठिकठिकाणीं शेतकऱ्यांच्या शिक्षणवर्गांची एकच गर्दी उडते. मंडप घातला जातो, पाहुण्यांचा सत्कार होतो, दोन तास व्याख्यानें होतात, पडद्यावर चित्रें दाखविलीं जातात, हजेरीपटावर सह्या होतात, आणि चहापान आटोपून मंडळी आपापल्या गांवीं जातात. पुढील आठवड्यांत त्यांपैकीं एखाद्यास, "काय शिकलांत?" असें विचारावें, तर "माहिती फार चांगली मिळाली" यापलीकडे उत्तर येत नाहीं. यांत शेतकऱ्याचा दोष नाहीं, व बहुधा व्याख्यात्याचाही नाहीं. दोष त्या वर्गाच्या रचनेंत आहे. अशा वर्गांतून आम्हीं स्वतःही बोललों आहों. तेव्हां हा दोष दुसऱ्याच्या पदरीं घालून मोकळें होण्याचा आमचा विचार नाहीं.

चाड्यावर मूठ कशी धरावी, हें आपल्यापैकीं कोणीही व्याख्यान ऐकून शिकलेला नाहीं. वडिलांनीं हात धरून मूठ सोडावयास लाविली, चार ओळी दाट पडल्या, चार विरळ पडल्या, उगवण झाल्यावर त्या साऱ्या गांवानें पाहिल्या, आणि पुढील सालीं मूठ बसली. आपल्या पूर्वजांची शिकविण्याची रीत ही अशी होती. काम हातीं द्यावें, चूक होऊं द्यावी, चुकीचें फळ डोळ्यांसमोर दिसूं द्यावें, आणि मग बोलावें. हल्लींच्या वर्गांत बोलणें अगोदर येतें आणि काम येतच नाहीं.

ही जुनी रीत नव्या शास्त्राच्या शिक्षणासही कशी लागू पडते, याचें उत्तम उदाहरण इंडोनेशियाचें आहे. त्या देशांत भातावर तपकिरी तुडतुड्यांनीं अनर्थ मांडला होता. सरकार कीटकनाशकें अत्यंत स्वस्त दरानें पुरवी, व शेतकरी तीं मुबलक मारीत. परंतु तुडतुड्याचीं अंडीं भाताच्या पानांच्या आवरणांत लपलेलीं असतात. तीं वांचत, आणि तुडतुडे खाणारे कोळी मात्र मरत. त्यामुळें फवारणीनंतर कीड कमी होण्याऐवजीं वाढे. अखेर १९८६ सालीं तेथील सरकारनें ५७ कीटकनाशकें भातावर वापरण्यास बंदी केली. पण केवळ बंदीनें शहाणपण येत नाहीं. म्हणून १९८९ पासून जागतिक अन्न व शेती संघटनेच्या साह्यानें तेथें शेतीशाळा सुरू झाल्या.

या शाळांची रचना आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. सुमारें २५ शेतकरी एक संबंध हंगामभर आठवड्यांतून एक सकाळ एकत्र येत. पांच-पांच जणांच्या टोळ्या शेतांत उतरत, कांहीं चुडांवरील किडे, कोळी व पानें मोजीत, आणि बांधावर बसून मोठ्या कागदावर त्या दिवशींचें पीक जसें दिसलें तसें काढीत. एका बाजूस पिकाचे शत्रू, दुसऱ्या बाजूस मित्र. मग प्रत्येक टोळीनें आपला निर्णय सांगावयाचा, व इतरांनीं तो खोडून काढावयाचा प्रयत्न करावयाचा. "हा किडा कोणता?" असें कोणीं विचारलें, तर शिक्षक त्याचें नांव सांगत नसे. "तो कोठें सांपडला? काय करीत होता?" असा उलट प्रश्न तो करी. मग तो किडा व तुडतुडे जाळीच्या पिंजऱ्यांत एकत्र ठेवीत, आणि कोण कोणास खातो, हें दुसऱ्या दिवशीं सर्वांस दिसे. कांहीं रोपांचीं पानें मुद्दाम कापून ठेवीत व कापणीस त्यांचें उत्पन्न निराळें मोजीत. कोवळ्या वयांत गेलेलीं पानें भात पुष्कळ अंशीं भरून काढतें, हें ज्यानें आपल्या हातांनीं मोजलें, तो पान कुरतडलेलें दिसतांच पंप घेऊन धांवत नाहीं.

परीक्षाही शेतांतच होई. पिकांतील एखाद्या किड्याकडे वा रोगट पानाकडे दोरी बांधून प्रश्न लिहीत, शेजारीं तीन उत्तरांच्या तीन पेट्या ठेवीत, आणि शेतकरी आपली चिठ्ठी योग्य वाटेल त्या पेटींत टाकी. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या "शेतकऱ्याचा असूड" या ग्रंथांत औतें हाकण्याच्या परीक्षा घेऊन शेतकऱ्यांस बक्षिसें द्यावीं, अशी सूचना केली होती. हातानें करावयाच्या कामाची परीक्षा हातानेंच घ्यावी, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. तो आपण विसरलों आहों, इतकेंच.

महाराष्ट्रांतही शेतीशाळा हें नांव आतां परिचयाचें झालें आहे, व जेथें ती मनापासून चालविली जाते, तेथें तिचा गुण दिसतो. परंतु नांव शेतीशाळेचें आणि काम मंडपांतील व्याख्यानाचें, असाही प्रकार पुष्कळ ठिकाणीं आम्हीं पाहिला आहे. म्हणून आपल्या पिकांस लागू पडणारे, फारसा खर्च नसलेले तीन पाठ आम्ही येथें सुचवितों.

पहिला पाठ मे महिन्यांतील. सोयाबीनचें बीं नाजूक. पोतें आपटलें तरी त्याची उगवण घटते. प्रत्येकानें घरच्या बियाण्यांतील १०० दाणे न निवडतां आणावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनीं मांडून गुंडाळावेत, आणि आठवड्यानें सर्वांसमक्ष उलगडून मोजावेत. उगवण शेंकडा ७० तरी असावी, असें प्रमाण ठरलेलें आहे. ज्याचे ५५ दाणे उगवले, त्यास बियाणें बदलावें कीं अधिक पेरावें, याचा विचार पेरणीपूर्वींच करतां येतो.

दुसरा पाठ कपाशीचा. कपाशी पात्याफुलांवर येतांच कामगंध सापळे लावून रोजचे पतंग मोजावेत. सापळ्यांत लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर तो धोक्याचा इशारा समजतात. बोंडें धरल्यावर शेतांत फिरून कोठूनही २० हिरवीं बोंडें तोडावीत व तीं फोडून पहावींत. दोन बोंडांत गुलाबी अळी वा तिचें नुकसान दिसलें, तर उपाय करण्याची वेळ आली. हें सांगण्यास दोन मिनिटें पुरतात. पण बोंड फोडून आंतील बारीक अळी ओळखण्यास डोळा तयार व्हावा लागतो, आणि तो शेतांतच तयार होतो.

तिसरा पाठ सर्वांत महत्त्वाचा. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों लोक रुग्णालयांत पडले. पीक त्या सालीं माथ्याइतकें वाढलें होतें, व उडालेला फवारा तोंडावर येत होता. डब्यांवर धोक्याच्या सूचना छापलेल्या होत्या. त्यांनीं हे प्राण वांचले नाहींत. या विषासच आपण "औषध" म्हणतों, मग त्याचें भय तरी कसें वाटावें? येथें पाठ असा घ्यावा. पंपांत साधें पाणी व खाण्याचा लाल रंग घालावा. फवारणाऱ्यास जुना पांढरा सदरा व पायजमा घालून, तोंडास पांढरें फडकें बांधून, नेहमींप्रमाणें चार तासें फवारूं द्यावींत. एकदां वाऱ्याच्या दिशेनें, एकदां वाऱ्याच्या तोंडावर. मग छातीवर, मांड्यांवर व तोंडावरच्या फडक्यावर किती लाल डाग पडले, तें त्यानें स्वतः मोजावें. जो हे डाग मोजील, त्यास वाऱ्याची दिशा दुसऱ्यानें सांगावी लागणार नाहीं.

आतां आमच्या वाचकांस थोडें कटु वाटेल असें एक सांगणें आहे. शिक्षणवर्गास कोण जातो? ज्याच्या नांवावर सातबारा, तो. पंप कोणाच्या पाठीवर असतो? बहुधा मजुराच्या. बोंड प्रथम कोणाच्या हातीं येतें? वेंचणाऱ्या बाईच्या. मालकानें ऐकलेलें मजुरापर्यंत आपोआप झिरपत जाईल, अशी समजूत आपण करून घेतली आहे. इंडोनेशियांतील शाळांची पुढें जी पाहणी झाली, तींत शिकलेल्या शेतकऱ्याकडून त्याच्या शेजाऱ्याकडेही ज्ञान फारसें गेलें नाहीं, असें आढळून आलें. बांधास बांध असलेल्या शेजाऱ्याची ही कथा, मग रोजानें येणाऱ्या मजुराची काय? तेव्हां फवारणीच्या वर्गास फवारणाऱ्यासच पाठवावें, व त्या दिवसाची मजुरी मालकानें भरून द्यावी. ज्याच्या जिवाशीं गांठ आहे, त्यास आधीं शिकविणें, हा साधा न्याय आहे.

इतका वेळ कोणास आहे, असा आक्षेप येईल. तो अगदींच खोटा नाहीं. हंगामांत आठवड्याची एक सकाळ काढणें जड जातें, आणि २५ माणसांपुढें असा वर्ग चालविणारा शिक्षक २०० जणांपुढील व्याख्यात्यापेक्षां महाग पडतो. म्हणून सगळ्याच विषयांचा हव्यास धरूं नये. ज्या कामांत चूक झाली असतां पीक जातें किंवा माणूस जातो, तेवढीं चार-पांच कामें निवडावीं, आणि पंधरवड्यानें कां होईना, पिकास गरज असेल त्याच वेळीं तीं शिकवावीं.

आपल्या सभेनें येत्या हंगामांत एका तरी गांवीं असा वर्ग चालवून पहावा, ही आमची सूचना आहे. जमीन एखाद्या सभासदानें द्यावी, गोणपाट व रंग सभेनें आणावा, आणि हजेरीपटाऐवजीं शेवटच्या दिवशीं किती जणांनीं चिठ्ठी बरोबर पेटींत टाकली, याची नोंद ठेवावी. ती नोंद या मासिकांत, चुकलेल्यांच्या संख्येसह, छापण्यास आम्ही आनंदानें जागा देऊं.