सर्वांचे नाव एकच : जॉर्ज

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण पोटाचा प्रश्न कायद्याने सुटत नाही. मुक्त झालेल्या काळ्या माणसांपैकी बहुतेकांकडे ना जमीन होती, ना भांडवल. याचा फायदा जॉर्ज पुलमन या भांडवलदाराने उचलला. त्याच्या कंपनीचे झोपण्याची सोय असलेले आलिशान डबे देशभरच्या रेल्वेगाड्यांना जोडले जात. त्या डब्यांत गाद्या घालायला, सामान उचलायला, बूट पुसायला त्याने काळे पोर्टर नेमले. ती माणसे स्वस्तात मिळत होती.

महिन्याला सुमारे ४०० तास काम. पगार अपुरा, म्हणून प्रवाशांच्या बक्षिसीवर भिस्त. बुटाचे पॉलिशसुद्धा पदरचे! आणि प्रवासी प्रत्येकाला हाक मारत, 'जॉर्ज!' गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी रीत इथेही चालूच राहिली. काळा म्हणून पगार कमी आणि गरीब म्हणून तोंड बंद, असा हा दुहेरी फास होता. गोऱ्या रेल्वे कामगारांच्या संघटनाही त्यांना दारात उभे करत नसत.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत पोर्टरांनी आपली संघटना स्थापन केली. नेते ए. फिलिप रँडॉल्फ. ते स्वतः पोर्टर नव्हते, त्यामुळे कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. सभासदांवर मात्र हेर सोडले गेले, कित्येकांची नोकरी गेली. तेव्हा घरच्या स्त्रिया पुढे आल्या. वॉशिंग्टनच्या रोझिना टकर घरोघर जाऊन गुपचूप वर्गणी गोळा करत. याचा सुगावा लागताच कंपनीने त्यांच्या पतीला काढले. रोझिनाबाई थेट साहेबाच्या कचेरीत गेल्या. मी काय करते याचा माझ्या नवऱ्याच्या नोकरीशी संबंध नाही, असे त्यांनी ठणकावले. पतीला कामावर परत घ्यावे लागले.

बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ साली कंपनीने करार केला. पगार वाढला, महिन्याचे तास २४० वर आले. पुढे १९४१ साली रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना युद्धसाहित्याच्या कारखान्यांत वर्णभेदाला मनाई करणारा हुकूम काढावा लागला. १९५५ च्या माँटगोमेरीतील बस बहिष्काराचे एक प्रमुख संघटक ई. डी. निक्सन हेही पोर्टरच होते.

रोझिनाबाई १९८७ साली वारल्या, वयाच्या १०५ व्या वर्षी. करारावर सह्या कोणी केल्या ते पुस्तकात सापडते. वर्गणीची पावती घरोघर कोणी पोचवली, तेही आपल्या मुलांना सांगा.