चेहरा हवा, नाव नको?

‘छायाचित्रात चेहराच बोलतो; नावगाव विचारत बसलात की माणूस सावध होतो आणि सत्य निसटतं,’ असं एका जाणकारांनी नुकतंच ठणकावून सांगितलं. छोट्या गावातली माणसं निनावी राहिली, तरच म्हणे त्यांची चित्रं साऱ्या जगाची होतात. या थोर विचाराची मला चीड येते.

या पक्षाचा हुकमी दाखला म्हणजे डोरोथिया लँग यांचं ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र. तोच तपासू. साल १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ. चित्रातल्या बाईचं नाव किंवा मागची हकिगत आपण विचारली नाही, असं लँग यांनीच पुढे लिहिलं. चित्र छापून आल्यावर तळावर सरकारी अन्न पोहोचलं, पण तोवर बाई मुलांना घेऊन पुढच्या कामावर निघून गेली होती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं १९७८ साली. ती चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीतली होती, हेही नंतरच कळलं. तोवर गोऱ्या अमेरिकेच्या गरिबीचं प्रतीक म्हणून तिला मिरवून झालं होतं. तिने गाडीचे टायर विकल्याची लँग यांची नोंद घरच्यांनी साफ नाकारली. या चित्राचा आपल्याला छदामही मिळाला नाही, असं ती म्हणाली. चित्र मोठंच आहे. पण बेचाळीस वर्षं तिच्या नावाशिवाय जी गोष्ट फिरली, ती खोडून काढायला तिला जागाच नव्हती. हेच का ते निसटू न दिलेलं सत्य?

विचारल्यावर माणूस अवघडतो, हे खरं. पण पहिले काही दिवस. छायाचित्रकार यूजीन स्मिथ १९४८ साली कोलोरॅडोतल्या क्रेमलिंगमध्ये डॉक्टर सेरियानींसोबत काही आठवडे राहिले. डॉक्टरांना सवय व्हावी म्हणून सुरुवातीला फिल्म न घालताच कॅमेरा चालवत होते.

नाव छापल्याने त्रास होईल म्हणता? ते त्या माणसाला ठरवू द्या.

याच मंडळींचा जुना हट्ट आहे, की गाव दाखवायचं तर कृष्णधवलातच. छायाचित्रकार रसेल ली यांनी १९४० साली न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनच्या जत्रेतली जेवणं रंगीत फिल्मवर टिपली, आणि तिथल्या शेतकरी जोडप्याच्या चित्राखाली दोघांची नावंही लिहिली. त्याने कुठलं सत्य बुडालं?

तालुक्याच्या गावी कॅमेरा घेऊन येणाऱ्याने मुक्काम करावा, नाव विचारावं, चित्राखालची ओळ छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवावी आणि एक प्रत त्याच्या घरी पोचवावी.