द्यायचं तर पुरतं द्या

नशा न करण्याबद्दल पैसे द्यायचे? मग उद्या चोरी न करणाऱ्यालाही बक्षीस द्या! अमेरिकेतल्या एखाद्या व्यसनोपचार क्लिनिकात ‘कंटिंजन्सी मॅनेजमेंट’ आणायचं म्हटलं की पहिला सूर हाच लागतो. पद्धत सरळ आहे. रुग्णानं लघवीचा नमुना द्यायचा. त्यात कोकेन किंवा मेथचा (मेथॅम्फेटामिनचा) अंश सापडला नाही, तर तिथल्या तिथे ठरलेलं बक्षीस. पुढे ते वाढत जातं. अंश सापडलाच, तर कुणी हाकलून देत नाही. बक्षीस हुकतं आणि रक्कम पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

चोरीचा टोमणा टाळ्या मिळवतो, उत्तर देत नाही. अफूजन्य नशेसाठी मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. कोकेन आणि मेथच्या व्यसनावर मात्र मान्यताप्राप्त औषधच नाही. व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी 1994 मध्ये कोकेनच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 24 आठवड्यांचा उपचार बक्षीस म्हणून व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी 75 टक्क्यांनी पुरा केला, न मिळणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांनी. अर्ध्यावर निघून गेलेल्याला उपदेश कुठे गाठून करणार?

‘त्या पैशांची पुन्हा नशाच करतील’, हा दुसरा आक्षेप. पण हिगिन्स रोकड देतच नव्हते. कनेटिकटमध्ये नॅन्सी पेट्री यांनी तर भांड्यातून चिठ्ठ्या काढायला लावल्या: निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, उरलेल्यांत बहुतेक किरकोळ वस्तू, मोठं बक्षीस क्वचित. तेवढ्यावरही माणसं टिकली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो करणारे बरेचसे समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर आलेले असतात. ‘आम्हाला कुणी काय दिलं होतं?’ असं ते विचारतात. त्यांच्या कष्टांबद्दल आदर राखूनच सांगायला हवं, की दिलं होतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत पहिल्या 24 तासांचा बिल्ला मिळतो, महिन्याचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आणि सभा टाळ्या वाजवते. बिल्ला चालतो, टाळ्या चालतात. मग बक्षीस म्हणून दिलेलं किराण्याचं कार्डच तेवढं बाटवतं होय? शिवाय निश्चयाच्या बळावर जे सुटले ते आज सल्ला द्यायला समोर बसले आहेत. जे सुटले नाहीत, त्यांची साक्ष कुणी काढायची?

बक्षीस थांबल्यावर परिणाम ओसरतो, हे मात्र खरं. नाकारण्यात अर्थ नाही. रक्तदाबाची गोळी बंद केली तरी दाब वाढतो. म्हणून गोळी खोटी ठरत नाही.

तेव्हा अडचण रुग्णाच्या नीतीत नाही, देणाऱ्याच्या हातात आहे. भेटवस्तूंनी रुग्ण ओढू नयेत म्हणून केलेल्या कायद्याच्या धाकानं क्लिनिकं बिचकत राहिली. केंद्रीय अनुदानातून या कामासाठी रुग्णामागे वर्षाला फक्त 75 डॉलर खर्चता येत. जानेवारी 2025 मध्ये ती मर्यादा 750 वर गेली. आता कॅलिफोर्निया पाहा. मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, हा उपचार देण्याची परवानगी मिळवणारं हे पहिलं राज्य. तिथे पहिले 12 आठवडे आठवड्यातून दोन फेऱ्या. सुरुवात 10 डॉलरनं, मग दर आठवड्याला दीड डॉलरची वाढ. नंतरचे 12 आठवडे एकेक फेरी. सगळे नमुने स्वच्छ निघाले तर एकूण 599 डॉलर. (600 ला कर-विवरणाची कटकट सुरू व्हायची, म्हणून हा एक डॉलर वाचवलेला! कारकुनीही कधी कधी उपचाराचा डोस ठरवते.) आता जुने 75 डॉलर पहिल्या 24 फेऱ्यांत वाटून बघा: फेरीला तीन डॉलर. या पद्धतीचा सगळा जोर रक्कम पुरेशी असण्यावर, ती लगेच मिळण्यावर आणि नियम न चुकण्यावर आहे. तीन डॉलर द्यायचे, तेही पुढच्या आठवड्यात, आणि समुपदेशकाला दया आली तर अंश सापडलेल्यालाही. मग ‘आमच्याकडे चाललं नाही’ असा अहवाल लिहायचा, याला प्रयोग म्हणत नाहीत.

ज्या क्लिनिकाला आठवड्यातून दोनदा तपासणी आणि त्याच भेटीत ठरलेलं बक्षीस एवढं जमणार नसेल, त्यानं ही पद्धत सुरूच करू नये. आणि अर्धीमुर्धी राबवून फसलीच, तर ते अपयश रुग्णाच्या कागदावर नव्हे, स्वतःच्या नावावर लिहावं.