नाव न ठेवलेले बाळ

वाराणसीत दशाश्वमेध घाटाच्या जवळच अहिल्याबाई घाट आहे. १७८० च्या सुमारास काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे नाव या घाटाला आहे. काशीयात्रेला गेलेला मराठी माणूस येथे दोन घटका थांबतोच. परक्या मुलुखात आपल्या घरचे नाव वाचल्यासारखे वाटते. अहिल्याबाईंना पुत्रशोक नवा नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला.

काशीत मरणाला मान आहे. वडीलधारे माणूस गेले की अग्नी, दहावा, तेरावा, पिंडदान आणि मग दर वर्षीचे श्राद्ध असते. शोकाला वाट मिळते, येणाऱ्याजाणाऱ्यांना काय बोलावे ते कळते. पण जे बाळ पोटातच दगावले, त्याच्यासाठी यातले काहीच नसते. अशा बाळाला अग्नी देत नाहीत. महाराष्ट्रात त्याला पुरतात, तर काशीत गंगेच्या स्वाधीन करण्याची जुनी रीत आहे. घरातले दोन-तीन पुरुष ते इवलेसे गाठोडे घेऊन जातात आणि तासाभरात परत येतात. आई तेव्हा दवाखान्यात पडून असते. अनेकदा तिने बाळाचे तोंडही पाहिलेले नसते. बारसे झालेले नसते, म्हणून नाव नसते. मग आठवण तरी कोणत्या नावाने काढायची?

घराला दुःखाचा भार होऊ नये, अशी या रीतीमागची समजूत असेल. पण नऊ महिने पोटात वाढवलेले बाळ आई तासाभरात कशी विसरणार?

पडद्यावर आलेले दुःख

आपल्या चित्रपटांत बाळाचे जाणे बहुधा कथेला वळण देण्यापुरतेच असते. २००१ च्या ‘चोरी चोरी चुपके चुपके’मध्ये नायिकेचे बाळ जाते आणि गोष्ट लगेच दुसऱ्या स्त्रीकडून मूल मिळवण्याकडे वळते. गेलेल्या बाळासाठी रडायला नायिकेला फारसा वेळ मिळत नाही.

मराठीत मात्र एक वेगळे उदाहरण आहे. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाई जोशींचे बाळ अवघे दहा दिवस जगले. त्या काळी बाळंतिणीला आणि बाळाला योग्य वैद्यकीय मदत मिळणे कठीण होते. ते दुःख उरात ठेवूनच त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. समीर विद्वांस यांनी २०१९ मध्ये ‘आनंदी गोपाळ’ हा चित्रपट काढला, त्यात बाळाचा मृत्यू हाच कथेचा कणा आहे. त्याला सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ज्या बाळाच्या आयुष्याचे दिवस दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतात, त्याची आठवण एवढ्या वर्षांनी हजारो प्रेक्षकांनी काढली, ही लहान गोष्ट नव्हे.

परदेशात तर हे दुःख सोसलेल्या आईवडिलांनीच असे चित्रपट काढले. अमेरिकेच्या शॉन हॅनिश यांचा पहिला मुलगा मृत जन्मला होता. तो अनुभव त्यांनी २०१४ च्या ‘रिटर्न टू झीरो’मध्ये मांडला. त्यातली आई पुन्हा गरोदर राहते आणि प्रेक्षकाला वाटते, झाले, आता सारे सुरळीत होणार. पण तिच्या मनात आनंदापेक्षा भीतीच जास्त असते. ‘पीसेस ऑफ अ वुमन’ हा २०२० चा चित्रपट कोर्नेल मुंद्रुत्सो आणि काता वेबर या जोडप्याच्या स्वतःच्या दुःखातून आला. त्यातला बाळंतपणाचा प्रसंग वीस मिनिटांहून अधिक लांब, एका दमात चित्रित केलेला आहे. नायिका व्हेनेसा कर्बी हिने भूमिकेसाठी अशा प्रसंगातून गेलेल्या स्त्रियांशी बोलून घेतले होते. तिला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. ब्रिटनच्या डेबी हॉवर्ड यांनी ‘स्टिल लव्ह्ड’ या माहितीपटात आयांबरोबर वडिलांनाही बोलते केले. ‘बायकोला सांभाळ’ असे प्रत्येक जण वडिलांना सांगतो, पण त्यांना कोण सांभाळणार, याचा विचार कोणी करत नाही.

असा चित्रपट काढणे सोपे नाही. कथेत कोणी खलनायक नसतो, शेवटी कोणाला शिक्षा होत नाही. ज्या क्षणी बाळाचे रडणे ऐकू यायला हवे, त्या क्षणी खोलीत फक्त शांतता असते. ती शांतता प्रेक्षकाला ऐकवणे, हीच खरी कसोटी.

हे घरोघरचे आहे

हे दुःख विरळा आहे असे कोणी समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे १९ लाख बाळे २८ आठवड्यांनंतर मृत जन्मली. त्यांपैकी सुमारे ३ लाख ४० हजार भारतातली होती. यातली कितीतरी बाळे प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी दगावतात, म्हणजे वेळेवर चांगली मदत मिळाली तर वाचू शकतात. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग, वारेतील दोष, बाळाची खुंटलेली वाढ ही नेहमीची कारणे आहेत. काही वेळा सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही. ग्रहणात भाजी चिरली, जड बादली उचलली, कोणाची दृष्ट लागली, अशा गोष्टींनी बाळ जात नाही. सुनेच्या माथी दोष मारणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे.

सरकारदरबारी या बाळाची नोंद होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात उपजत मृत्यूचीही नोंद आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये, बाळ मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच गेल्यास आपल्या महिला कर्मचाऱ्यांना ६० दिवसांची विशेष रजा देण्याचे ठरवले. कायद्याने जे मान्य केले, ते घराने का मान्य करू नये?

पुन्हा दिवस राहिल्यावर

‘अजून वय आहे, दुसरे होईल’ हे वाक्य धीर देण्यासाठीच बोलले जाते, पण आईच्या काळजाला ते लागते. दुसरे झाले तरी ते दुसरेच असते, पहिल्याच्या जागेवर येत नाही. ‘देवाची इच्छा’ किंवा ‘बरे झाले, लळा लागायच्या आत गेले’ हेही तसेच. त्यापेक्षा ‘फार वाईट झाले, मी आहे’ एवढे म्हणून जवळ बसावे. बाळंतिणीची विश्रांती, आहार, औषध यांत कसर करू नये. बाळ नसले तरी तिला पान्हा फुटतो, त्या वेळी तिला एकटे सोडू नये. बाळाला पाहायचे, हातात घ्यायचे, नाव ठेवायचे की नाही, हे तिला आणि नवऱ्याला विचारावे. जबरदस्तीही नको आणि मनाईही नको.

पुढचे गर्भारपण केव्हा, हे शेजारणीच्या सल्ल्याने ठरवू नये. आधीच्या बाळाचे कारण शोधण्यासाठी केलेल्या तपासण्यांचे सर्व कागद जपून ठेवावेत आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवावेत. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. चारदा जाऊन ‘सारे ठीक आहे’ ऐकावे लागले तरी त्यात लाज कसली?

अशा आईला डोहाळजेवण नको वाटले तर तिला उत्साहाने ओढू नये. बाळाचे कपडे आधी आणायचे नसतील, तर न आणू द्यावेत. ती हसली नाही म्हणजे तिला नव्या बाळाची ओढ नाही, असा अर्थ काढू नये. आणि कोणी ‘हे तुमचे पहिलेच का?’ असे विचारल्यावर ती ‘नाही, दुसरे’ म्हणाली, तर सासूबाईंनी विषय बदलू नये. शांतपणे म्हणावे, ‘होय, आमचे दुसरे.’