अग्निबाणाचे इंधन कोणाचे?



कॅरी आणि आसपासच्या गावांतील आपल्या घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. तो विचारणारे परके नाहीत. येथे वाढलेली, उत्तम गुण मिळविणारी आपलीच मुले-मुली आहेत. "एलॉन मस्क यांना कोणी आरक्षण दिले होते? त्यांनी स्वतःच्या बळावर अग्निबाण अवकाशात धाडले. मग तुमच्या पिढीला शासनाचा आधार का लागला?" दुःख प्रश्नाचे नाही. तो ऐकून आपल्यातील अनेक आईबाप मान खाली घालतात, याचे दुःख आहे. या प्रश्नाला सरळ उत्तर दिलेच पाहिजे.

मस्क यांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. २००२ साली त्यांनी स्पेसएक्स स्थापन केली आणि स्वतःचे सुमारे दहा कोटी डॉलर तीत ओतले. त्यांच्या प्रक्षेपकाचा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये परत येऊन जमिनीवर उभा राहिला आणि अवकाशप्रवासाचे अर्थशास्त्र पालटले. पण 'स्वतःच्या बळावर' हे शब्द इतिहासाच्या कसोटीला उतरतात काय?

फाल्कन १ हा त्यांचा पहिला अग्निबाण मार्च २००६ मध्ये कोसळला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे अपयशाची राख पुरती थंड होण्यापूर्वीच, नासाने या कंपनीशी २७ कोटी ८० लक्ष डॉलरचा करार केला. मार्च २००७ मध्ये दुसरे उड्डाण फसले, ऑगस्ट २००८ मध्ये तिसरे. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे यशस्वी झाले, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. त्या डिसेंबरात नासाने मालवाहतुकीसाठी १६० कोटी डॉलरचा करार केला आणि कंपनी तरली. हा पैसा अमेरिकन करदात्यांचा होता. अंतराळयानाच्या उष्णतारोधक कवचाचे मूळ संशोधन नासाचे. फ्लोरिडातील ज्या तळावरून अपोलोचे चांद्रवीर उडाले, तोच तळ २०१४ साली या कंपनीला भाडेपट्ट्याने मिळाला.

भारतातही वेगळे घडलेले नाही. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीने देशातील पहिला खाजगी अग्निबाण उडविला. तिचे संस्थापक इस्रोत घडलेले अभियंते आणि उड्डाणाचे ठिकाण इस्रोचे श्रीहरिकोटा. त्या इस्रोचाही पहिला उपग्रह-प्रक्षेपक ऑगस्ट १९७९ मध्ये समुद्रात पडला होता. कोणी 'अपात्र' म्हणून त्या शास्त्रज्ञांना घरी पाठविले नाही. जुलै १९८० मध्ये त्यांनी यश मिळविले.

येथे खरा मुद्दा आहे. गुणवत्ता म्हणजे केवळ बुद्धी नव्हे. अपयशी होऊन पुन्हा उभे राहण्याची सवलतही तीत मोडते. ही सवलत कोणाला मिळते? तीनदा कोसळणाऱ्याला जग द्रष्टा म्हणते. आमचा विद्यार्थी पहिल्या सत्रात एका विषयात नापास झाला, की वसतिगृहाच्या भिंतीही 'कोट्यातला' म्हणून कुजबुजतात!

जन्माची बाजूही पाहावी. मस्क यांचा जन्म १९७१ साली प्रिटोरियात, वर्णद्वेषी राजवटीत, गोऱ्या कुटुंबात झाला. त्या राज्यात गोऱ्या मुलाच्या शिक्षणावर काळ्या मुलाच्या अनेक पट खर्च होई. हा दोष त्या बालकाचा नव्हे. परंतु जन्मावर आधारलेले, कोणीही ज्याला आरक्षण म्हटले नाही असे हे आरक्षणच होते. आम्हांला ते ओळखू येणार नाही, तर कोणाला येईल? याच गृहस्थांनी पुढे वंचितांच्या समावेशाच्या धोरणांवर जाहीर प्रहार केले आणि २०२५ साली शासकीय खर्चकपातीच्या मोहिमेचे नेतृत्व केले. शिडीने माडीवर चढावे आणि शिडी ओढून घ्यावी, याला कर्तृत्व म्हणत नाहीत.

कोणी म्हणेल, आपल्याच नॉर्थ कॅरोलिनात किटी हॉकला १९०३ साली राइट बंधूंनी शासकीय अनुदानाविना विमान उडविले; आणि सरकारी पैसा मिळालेले लँग्ली त्याच डिसेंबरात अपयशी ठरले. खरे आहे. पैशाने बुद्धी विकत मिळत नाही. पण राइट बंधूंना उड्डाणविषयक साहित्य पाठविले ते स्मिथसोनियन या सार्वजनिक संस्थेने आणि वाऱ्याची माहिती दिली ती शासकीय हवामान खात्याने. ज्या सॅस कंपनीमुळे कॅरीचे नाव जगभर झाले, तीही १९७६ साली आपल्या राज्य विद्यापीठातील, सार्वजनिक निधीवर वाढलेल्या कृषी-सांख्यिकीच्या प्रकल्पातूनच जन्मली. एकटा कोणीच उगवत नाही. कारणाविना कार्य नाही, हा भगवान बुद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा बोध येथेही लागू आहे.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियात पोहोचले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये तिची मुदत संपताच लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज घेऊन. या साहाय्याने त्यांची विद्वत्ता उणी झाली काय? ती जगाला उपलब्ध झाली! १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळत आलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मोलही असेच आहे. आपल्यातील किती घरे त्या पैशांवर उभी राहिली, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय?

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. प्रत्येक घरात आईबापांनी आपल्या शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची, राखीव जागेची हकीकत मुलांना मान ताठ ठेवून सांगावी. दुसरे, आपल्या संघटनेने गुणवंतांच्या सत्काराबरोबरच, एकदा अडखळलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा निधी उभारावा. एक वर्ष वाया गेलेल्या, पहिला उद्योग बुडालेल्या आपल्या मुलामुलींना दुसरी आणि तिसरी संधी देणारा. श्रीमंतांच्या अग्निबाणांना चौथे उड्डाण मिळते. आमच्या लेकरांना निदान दुसरे तरी मिळालेच पाहिजे!

जय भीम!