एक वर, एक खाली

सप्तपदीची सातही पावले जमिनीवरच टाकायची असतात, म्हणून मी निर्धास्त होते. लग्नाला बारा वर्षे होईपर्यंत आमच्या ह्यांनीही जमीन सोडली नाही. मग एका रविवारी मित्राबरोबर कामशेतला म्हणून गेले, ते गुडघा खरचटलेला, कपाळाला माती आणि चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूचे तेज घेऊन परतले. "पॅराग्लायडिंग शिकतोय," म्हणाले. "या वयात?" हे माझे पहिले वाक्य. "मला कधी नेता?" हे दुसरे वाक्य बाहेर पडायला चार महिने लागले.

यंत्र असे त्यात काही नाहीच. पाचेक किलो वजनाचा नायलॉनचा दुपदरी पंख. पुढच्या काठाला ओळीने तोंडे, त्यांतून वारा शिरला की तो फुलक्यासारखा फुगतो. ही मूळ युक्ती डोमिना जॅल्बर्ट नावाच्या अमेरिकेतल्या पतंगवाल्याची, 1964 सालची. वारा डोंगराच्या अंगावर आदळून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यात आपण डोंगराच्या कडेने येरझाऱ्या घालायच्या. डावी दोरी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. दोन्ही ओढल्या की वेग मंदावतो, आणि फारच ओढल्या तर पंख उडायचाच थांबतो.

माझे पहिले कित्येक रविवार मैदानातच गेले. पंख डोक्यावर उभा करायचा, तो पडायचा, पुन्हा उभा करायचा. दोऱ्या काटेरी झुडपात अडकल्या म्हणजे लोकरीचा गुंता परवडला!

आणि एके दिवशी उतारावरून धावत सुटले. पाय धावतच राहिले आणि खाली जमीनच नव्हती! कानाशी नुसता वारा. खालून कुणा गुराख्याची हाक आली, ती अगदी शेजारून आल्यासारखी. भाताची खाचरे कापणीला आलेली. भ्यायचे राहूनच गेले.

लोकांना वाटते, ही दोघे आकाशात जोडीने विहार करीत असतील. जोडीने आम्ही आजवर एकदाही उडालेलो नाही. लेक तेव्हा सात वर्षांची होती. सासूबाईंनी एवढेच विचारले, "दोघेही वर असताना काही झाले, तर हिला काय सांगू?" त्याला उत्तर नव्हते. त्याच रात्री ठरले : एक वर, एक खाली.

वर असणे सोपे असते हो! एकदा मी डोंगरमाथ्यावर उभी असताना ह्यांच्या पंखाची एक बाजू अचानक मिटली. दोन-तीन सेकंदच, पंख पुन्हा उघडला, हे नीट उतरलेही. "काही नाही, जरा घडी पडली होती," म्हणाले. जशी काही धोतराची! घरी पोचेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. रात्री मात्र एमी जॉन्सन आणि जिम मॉलिसन यांचा दाखला दिला. 1933 साली हे नवराबायको एकाच विमानातून अटलांटिक ओलांडून गेले, ब्रिजपोर्टला विमान मोडून दोघेही जखमी झाले आणि 1938 साली घटस्फोट झाला.

"ते एकदम वर होते," हे म्हणाले. "आपण आळीपाळीने."

मग बऱ्याच वेळाने मी विचारले, "मी वर असते तेव्हा तुम्ही काय करता?"

"तुझ्या चपला घेऊन डोंगर उतरतो."

उडताना बूट लागतात, चपला माथ्यावर राहतात. उतरल्यावर त्या मला दरवेळी आयत्या मिळत. मी वर असताना त्या घेऊन हे दगडधोंड्यांतून मान वर करूनच चालत असणार, हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. त्यांच्या डाव्या घोट्याला दोनदा मुरगळा आला होता. मला वाटे, उतरताना आला.

लेक यंदा अठरा वर्षांची झाली. परवा चकल्या तळताना म्हणाली, "तो नियम माझ्यासाठी होता ना? मग मीच मोडते. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दोघे मिळून उडा."

हे कढईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आणि हिच्या चपला?"

"मी आणीन की बाबा."

"उतार फार वाईट आहे," हे म्हणाले. "वर बघत चालू नकोस."